छायाचित्राधिष्ठित स्मृतिचित्रे

मृत व्यक्तीच्या उपलब्ध छायाचित्रावर किंवा त्याच्या विवर्धित प्रतीवर जलरंग, तैलरंग, कोळशाची पूड, सोनेरी वर्ख, कापड, जरतार इ. माध्यमांनी काम करून तयार केलेली व्यक्तिचित्रे. अशा चित्रात छायाचित्र हे केवळ संदर्भासाठी वापरलेले नसते. बहुधा ते रंगांच्या थरांखाली प्रत्यक्ष असते. म्हणून छायाचित्र समोर ठेवून स्वतंत्र कॅनव्हासवर रंगविलेल्या तैलचित्राहून हा प्रकार वेगळा मानला जातो. तथापि व्यवहारात या दोहोंमधील सीमारेषा पुसट असून एकच कारागीर दोन्ही प्रकारची कामे करीत असल्याचे आढळते. महाराष्ट्रात अशा चित्राला तसबीर, एन्लार्जमेंट किंवा नुसते ‘मोठा फोटो’ असे म्हटले जाते. छायाचित्र चेहऱ्याची साक्ष देते, तर रंगकाम त्या व्यक्तीला कुटुंबाच्या स्मृतीतील स्थान मिळवून देते. या दोन प्रयोजनांचा मेळ आणि त्यांच्यातील ताण यांवरच या कलाप्रकाराचा इतिहास उभा आहे.

पूर्वपरंपरा : मृतांची प्रतिमा जपण्याची प्रथा प्राचीन आहे. ईजिप्तमधील फायूम येथे इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांत ममीच्या मुखावर बसविण्यासाठी लाकडी फळ्यांवर मेणरंगात व्यक्तिचित्रे रंगविली जात. भासाच्या प्रतिमानाटकात भरताला दशरथाच्या मृत्यूची वार्ता दिवंगत पूर्वजांच्या प्रतिमागृहात पित्याचा पुतळा पाहून कळते. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या असून त्यांच्यावरील नामनिर्देशक लेख मात्र अवशिष्ट आहेत. नाव उरले आणि रूप गेले, असे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील नंतरच्या स्मारकांत चेहऱ्याचे साम्य आवश्यक मानले जात नव्हते. वीरगळावरील योद्धा कोणत्याही योद्ध्यासारखा दिसतो; सतीशिळेवर काटकोनात वळलेला बांगड्यांसह हात पुरेसा असतो. देवघरात पूजिले जाणारे पूर्वजांचे टाक हेही ठराविक साच्याचे असतात. या सर्व ठिकाणी व्यक्तीची ओळख नाव, कुल आणि विधी यांतून पटत असे. राजेरजवाडे आणि सरदार यांची लघुचित्रे हा याला अपवाद होय. सामान्य कुटुंबाला आपल्या माणसाचा चेहरा जपून ठेवण्याचे साधन छायाचित्रणाने प्रथमच दिले आणि त्याबरोबर तो चेहरा कसा असावा, हा प्रश्नही निर्माण केला.

उगम व प्रसार : लूई दागेअर याची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली. तिच्यातील तपशिलाचे जितके कौतुक झाले, तितकीच तिच्या वर्णहीनतेबद्दल तक्रारही झाली. स्वित्झर्लंडमधील योहान बाप्टिस्ट इझेनरिंग याने १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच डिंकमिश्रित रंगाची पूड वापरून छायाचित्रे रंगविण्यास आरंभ केला. इंग्लंडमध्ये रिचर्ड बिअर्ड याने १८४२ मध्ये अशा रंगकामाचे एकस्व घेतले. धातूच्या पत्र्यावरील या चित्रांवर रंग फार हलक्या हाताने द्यावा लागे. १८५० मध्ये अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद आणि १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची काच प्रचारात आल्यावर कागदावरील प्रती विपुल निघू लागल्या आणि त्या रंगविणे सोपे झाले.

याच काळात सु. ६ × १० सेंमी. आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या छोट्या छायाचित्रांची प्रथा सुरू झाली. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने तिचे एकस्व १८५४ मध्ये घेतले होते. माणूस गेल्यावर घरात उरलेले त्याचे एकमेव छायाचित्र पुष्कळदा या आकाराचे असे. ते भिंतीवर लावण्याइतके मोठे करण्याची सोय अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील डेव्हिड वुडवर्ड याच्या सौर विवर्धकाने झाली (१८५७). आरसा व भिंग यांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश निगेटिव्हमधून कागदावर वा कॅनव्हासवर पाडून फिकट प्रतिमा मिळविली जाई आणि चित्रकार ती कोळसा किंवा खडू यांनी पुरी करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘क्रेयॉन पोर्ट्रेट’ या नावाने ही चित्रे अमेरिकेत घरोघर पोहोचली. विक्रेते गावोगाव हिंडून छोटी छायाचित्रे गोळा करीत आणि मोठी चित्रे करून आणून देत. यूरोपात मृताच्या केसांची वेणी, मेणाची फुले, भरतकाम व छायाचित्र एकाच चौकटीत बसविण्याची रीत होती. ब्राझीलच्या ईशान्य भागातील रंगविलेली कौटुंबिक छायाचित्रे आणि मेक्सिकोमधील लाकडी कोरीव अर्धपुतळ्यावर छायाचित्र चिकटवून रंगविण्याची पद्धत ही याच प्रवृत्तीची विसाव्या शतकातील रूपे होत.

भारतातील विकास : भारतात छायाचित्रणाची साधने १८४० च्या सुमारास आली. मुंबईत १८५४ मध्ये आणि कलकत्ता व मद्रास येथे १८५६ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (कार. १८३५–८०) यांनी स्वतः छायाचित्रण आत्मसात केले होते.

भारतात या कलेला एक विशेष अनुकूल परिस्थिती लाभली. संस्थानी दरबारांतील लघुचित्रकारांचा आश्रय ओसरत असतानाच छायाचित्रशाळांना रंगकाम करणाऱ्या हातांची गरज भासू लागली. केसागणिक रेषा काढण्याची आणि मोत्यांचे ठिपके उठावदार करण्याची सवय असलेले हे कलावंत छायाचित्रांवर काम करू लागले. यूरोपीय पद्धतीत रंग पारदर्शक ठेवून खालचे छायाचित्र दिसू देण्याकडे कल होता. भारतीय चित्रकारांनी, विशेषतः राजस्थानात, अपारदर्शक जलरंगाचा सढळ वापर केला. त्यामुळे अनेक चित्रांत चेहरा आणि हात एवढेच छायाचित्राचे भाग उरले. वस्त्रे, गालिचा, स्तंभ आणि मागील देखावा सर्वस्वी रंगाखाली गेला. कलकत्त्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ व ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ यांसारख्या मोठ्या व्यवसायसंस्थांच्या काळात रंगविलेले छायाचित्र ही उच्चभ्रू वर्गाची नित्याची मागणी बनली. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी इंदूर व सिकंदराबादनंतर १८९६ मध्ये मुंबईत चित्रशाळा काढली.

राजस्थानातील नाथद्वारा येथील ‘मनोरथ’ चित्रे हे संमिश्र माध्यमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. यात्रेकरू कुटुंब श्रीनाथजींच्या दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असल्याचे दाखविताना देवता, वस्त्रे व देह चित्रकार रंगवीत आणि चेहरे मात्र छायाचित्रांतून कापून चिकटवीत. जिवंत व दिवंगत व्यक्तींना एकाच दर्शनात एकत्र आणणे या पद्धतीने शक्य झाले. तमिळनाडूमध्ये छायाचित्रावर जरतार, टिकल्या व मणी चिकटवून ते सजविण्याची प्रथा रूढ झाली. तिच्यामागे तंजावर शैलीच्या वर्खकामाचा संस्कार दिसतो.

महाराष्ट्रातील प्रथा : सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या (स्थापना १८५७) शिक्षणामुळे यथार्थदर्शी व्यक्तिचित्रणाची पद्धत महाराष्ट्रात रुजली. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीही काही व्यक्तिचित्रांसाठी छायाचित्रांचा आधार घेतला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकांचे पडदे, व्यक्तिचित्रे, छायाचित्रण आणि पुढे चित्रपट अशी विविध क्षेत्रे हाताळली. छायाचित्रकार, पडदे रंगविणारा आणि तसबिरी करणारा यांच्यात तेव्हा काटेकोर विभागणी नव्हती. तालुक्याच्या गावी पाट्या रंगविणारा पेंटरच मृतांच्या तसबिरीही करून देत असे.

नगरपालिकांची सभागृहे, वाचनालये आणि शाळा यांतून देणगीदारांची व लोकनेत्यांची मरणोत्तर चित्रे लावण्याची प्रथा विसाव्या शतकात दृढ झाली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात १९५६ मध्ये लावण्यात आलेले लोकमान्य टिळकांचे तैलचित्र गोपाळ देऊस्कर (१९११–९४) यांनी काढले. टिळकांचे निधन १९२० मध्ये झालेले असल्याने अशा चित्रास जुन्या छायाचित्रांचाच आधार असू शकतो. घरगुती तसबिरीची जागा बैठकीच्या खोलीत, बहुधा दाराच्या वर, ठरलेली असे. तिला चंदनाच्या पातळ पट्ट्यांचा हार घातला जाई आणि पुण्यतिथीला व पितृपक्षात काचेवर गंध लावून फूल वाहिले जाई. पूर्वी जे स्थान टाकाला होते, त्याच्या निकट असे स्थान अशा रीतीने चेहऱ्याच्या चित्राला मिळाले. मात्र टाक देवघरात असतो आणि तसबीर बैठकीत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर असते. म्हणून तसबिरीतील व्यक्ती ‘बरी दिसावी’ ही अपेक्षा प्रबळ ठरली.

निर्मितिपद्धती : तेराव्या दिवसापूर्वी चित्र हवे, अशी मागणी असल्याने कारागिरास वेळ थोडा मिळे. मूळ छायाचित्र बहुधा ओळखपत्रावरचे, लग्नाच्या समूहचित्रातील किंवा घडी पडून भेगाळलेले असे. प्रथम त्याचे पुन्हा छायाचित्र घेऊन नवी निगेटिव्ह तयार केली जाई. तिच्यावरील ओरखडे व भेगा टोकदार शिसपेन्सिलीने आणि पातळ रंगाने भरून काढीत. समूहचित्रातून एकच व्यक्ती घ्यावयाची असल्यास शेजारच्या व्यक्तीचा खांदा वा हात काळजीपूर्वक झाकावा लागे.

त्यानंतर ब्रोमाइड कागदावर विवर्धित प्रत काढीत. १८८० नंतर प्रचारात आलेल्या या कागदामुळे कृत्रिम प्रकाशात विवर्धन करता येऊ लागले आणि सूर्यावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. रंगकामासाठी ही प्रत मुद्दाम फिकट ठेवीत. कारण गडद छटांवर रंग मळकट दिसतो. कागद पुठ्ठ्यावर खळीने ताणून चिकटविल्यानंतर काळ्या पुडीने केस, भुवया, डोळ्यांच्या कडा व हनुवटीखालची छाया दृढ केली जाई. हे काम कापसाच्या बोळ्याने आणि कागदाच्या गुंडाळीने करीत. मोठ्या चित्रशाळांत पार्श्वभूमीसाठी हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन वापरीत. त्वचेसाठी पारदर्शक रंगांचे पातळ हात, वस्त्रांसाठी अपारदर्शक रंग आणि दागिन्यांसाठी सोनेरी रंगाचे उठावदार ठिपके असा क्रम सामान्यतः असे. डोळ्यातील प्रकाशबिंदू सर्वांत शेवटी दिला जाई. तो किंचित चुकला तरी नजर बदलते आणि घरचे लोक चित्र नाकारतात, म्हणून ही कृती सर्वांत कौशल्याची समजली जात असे.

रंगाचा व साम्याचा प्रश्न : आरंभीच्या छायाचित्रणद्रव्यांवर प्रामुख्याने निळ्या व जंबुपार प्रकाशाचाच परिणाम होत असे. त्यामुळे तांबडा व पिवळा रंग वास्तवापेक्षा काळा, तर निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे. हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्यांच्या साहाय्याने हा दोष कमी करण्याचा मार्ग दाखविला. परंतु सर्व रंगांना संवेदनशील अशा काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बाजारात आल्या. भारतीय व्यक्तींच्या बाबतीत याचा परिणाम मोठा होता. कुंकू काळा ठिपका दिसे, हळदीच्या रंगाचे वस्त्र मळके दिसे आणि सावळी त्वचा प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद उमटे. चित्रकाराला त्या व्यक्तीचा वर्ण छायाचित्रावरून ठरविता येत नसे. तो नातेवाइकांना विचारावा लागे.

नातेवाइकांच्या सांगण्यात आठवण आणि इच्छा या दोन्ही मिसळलेल्या असत. त्वचा उजळ करणे, फेट्याला जर लावणे, गळ्यात नसलेली मोत्यांची माळ घालणे अशा मागण्या सर्रास होत. पतीच्या आधी निवर्तलेल्या स्त्रीच्या चित्रात ठसठशीत कुंकू, मंगळसूत्र आणि नथ असणे अगत्याचे मानले जाई. स्त्रियांची छायाचित्रे मुळातच कमी असल्याने अनेक घरांत आजीचा म्हणून जो चेहरा पुढच्या पिढ्यांना माहीत झाला, तो एखाद्या समूहचित्रातील नखाएवढ्या प्रतिमेवरून पेंटरने पुरा केलेला होता. हयातीतील एकही छायाचित्र नसल्यास मृत्यूनंतर घेतलेल्या छायाचित्रावरून मिटलेले डोळे उघडे करून चित्र रंगविले जाई. पती आणि पत्नी यांची वेगवेगळ्या काळांतील छायाचित्रे जोडून त्यांना शेजारी बसविण्याचीही रीत होती. अशा चित्रांत प्रौढ पतीशेजारी तरुणपणी वारलेली पत्नी दिसते.

या फेरबदलांना असत्य म्हणावे काय, याविषयी मतभेद संभवतो. पुराव्याच्या दृष्टीने पाहिल्यास चित्रातील वस्त्रे, दागिने व वर्ण यांना प्रमाण मानता येत नाही. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने ही सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने छायाचित्रातील तो एक क्षण हेही त्या माणसाचे पूर्ण सत्य नव्हे. ओळखपत्रासाठी ताठ बसलेला चेहरा घरातल्या माणसाचा नसतो. चांगला कारागीर वस्त्रे व पार्श्वभूमी यांत घरच्यांचे म्हणणे मान्य करी. मात्र डोळे, नाकाची ठेवण आणि ओठांची रेषा यांवरील छायाचित्र शक्य तितके रंगाखाली जाऊ देत नसे. साम्य टिकते ते तेथेच. याउलट अतिरिक्त रंगकामाने गुळगुळीत झालेला चेहरा कोणाचाही वाटू लागतो आणि तसबीर पुन्हा वीरगळाप्रमाणे केवळ नावाने ओळखावी लागते.

अभ्यास : या चित्रांना दीर्घकाळ ना छायाचित्रणाच्या इतिहासात स्थान होते, ना चित्रकलेच्या. न्यूयॉर्क येथे १९८२ मध्ये जूडिथ मारा गटमन यांनी भरविलेल्या प्रदर्शनाने भारतीय रंगविलेल्या छायाचित्रांकडे लक्ष वेधले. भारतीय छायाचित्रकारांची दृष्टी मूलतः वेगळी होती, हे त्यांचे मत पुढे वादग्रस्त ठरले. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील छायाचित्रव्यवहाराचा अभ्यास करून मृतांच्या चित्रांचे घरगुती व विधिविषयक महत्त्व १९९७ मधील ग्रंथात मांडले. पुणे येथे जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी (१९२५–२०२०) यांच्या संग्रहातील रंगविलेल्या छायाचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन व ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ऱ्हास व नवी रूपे : रंगीत छायाचित्रण स्वस्त झाल्यावर, विशेषतः १९७० नंतर, हाताने रंगविण्याचा व्यवसाय मंदावला. संगणकाच्या साहाय्याने भेगा भरणे, वस्त्र बदलणे, पार्श्वभूमी घालणे ही कामे काही मिनिटांत होऊ लागल्यावर तो जवळजवळ संपुष्टात आला. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना आपोआप रंग देणाऱ्या अलीकडच्या संगणकप्रणाली असंख्य अन्य चित्रांवरून रंगाचा अदमास बांधतात. पेंटर निदान घरच्यांना विचारत असे; ही प्रणाली कोणालाही विचारत नाही, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

दुसरीकडे काही कलावंतांनी हे माध्यम नव्याने स्वीकारले आहे. विवान सुंदरम् यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी घेतलेल्या कौटुंबिक छायाचित्रांची संगणकीय जुळणी करून अमृता शेरगिल यांच्या स्मृतीशी निगडित चित्रमालिका केली (२००१–०२). उदयपूर येथे राजेश सोनी यांनी छायाचित्रे हाताने रंगविण्याची परंपरा वॉस्वो एक्स. वॉस्वो यांच्या छायाचित्रांवर काम करून पुढे चालविली. हौशी कलावंतही छायाचित्राची प्रत जाड कागदावर किंवा लाकडी फळीवर चिकटवून तीवर ॲक्रिलिक रंग, जुन्या पत्राचा तुकडा वा मृताच्या वस्त्राची चिंधी यांची जोड देतात.

जतन : या चित्रांतील द्रव्ये वेगवेगळ्या गतीने जीर्ण होतात, ही त्यांच्या जतनातील मुख्य अडचण होय. बलकाचा लेप पिवळा पडतो, चांदीची प्रतिमा फिकी होते, पुठ्ठ्यातील आम्लाने कागद ठिसूळ बनतो आणि रंगाचा थर मात्र पुष्कळदा तसाच राहतो. परिणामी वस्त्रे झगझगीत आणि चेहरा निस्तेज, असे विपरीत दृश्य दिसते. कोकणासारख्या दमट प्रदेशात जिलेटिनचा थर काचेला चिकटतो व त्यावर बुरशी धरते. असे चित्र काचेपासून ओढून काढू नये, ओल्या फडक्याने पुसू नये आणि फिका चेहरा पुन्हा रंगवून घेऊ नये. काच व चित्र यांत अंतर ठेवणे, आम्लरहित पुठ्ठा वापरणे आणि थेट ऊन टाळणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. नवे स्मृतिचित्र करावयाचे असल्यास मूळ छायाचित्राला हात न लावता त्याची प्रत वापरणे हा आज सर्वमान्य संकेत आहे.

मोठी तसबीर तयार झाल्यावर मूळ लहान छायाचित्र टाकून देण्याची चूक अनेक घरांत झाली आणि चेहऱ्याचा पहिला पुरावा त्यामुळे नाहीसा झाला. मूळ छायाचित्र, त्याच्या पाठीवरील चित्रशाळेचा शिक्का व हस्तलिखित नोंद तसबिरीबरोबरच जपल्यास व्यक्तीचे रूप कोठे संपते आणि कुटुंबाची इच्छा कोठे सुरू होते, हे पुढील पिढ्यांना ताडून पाहता येते.